तीन सेलची बॅटरी

शून्याखाली एकशे शहाण्णव अंश म्हणजे नेमकं किती गार, हे कोल्हापुरात दोनच प्रकारच्या माणसांना ठाऊक होतं. एक, दूध संघाची रेतनवाली मंडळी. वळूचं बीज त्या थंडीत बुडवून, कॅन मोटरसायकलला बांधून ती राधानगरीपर्यंत गावोगाव हिंडत. आणि दुसरा केरबा. बाकीच्या कोल्हापूरला गार म्हणजे उसाचा रस.

केरबा टेकडीवरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता. कागदोपत्री परिचर, पण वीस-बावीस वर्षं तिथं काढल्यावर त्याचा रुबाब असा झाला होता, की नवीन आलेले प्राध्यापक त्याला विचारून खुर्ची सरकवत. अंगात खाकी, खिशाला पेन, आणि डाव्या हाताची दोन बोटं शेंड्याला पांढुरकी. ती त्या गारठ्यातल्या द्रव नायट्रोजननं भाजलेली. "गारठ्यानं भाजतंय व्हय मामा?" असं पहिल्या वर्षाच्या पोरांनी विचारलं, की केरबा त्या बोटांकडं अभिमानानं बघे. पहिलवान मोडलेल्या कानाकडं बघतो तसा.

दर गुरुवारी तो रिक्षातून दूध संघाच्या डेपोत जाई आणि लिक्विड नायट्रोजन घेऊन येई. येताना कॅनच्या तोंडातून पांढरा धूर निघे, आणि रिक्षावाला सारखा मागं बघे.

"पावणं, फुटणार न्हाय न्हवं?"

"फुटला तर तुला कळायचं सुद्धा न्हाय. म्होरं बघून चालव."

डेपोत सयाजी होता. कॅन भरायचं काम त्याचं. वळू आणि विज्ञान यांना तो एकाच नळीनं पाजत असे. एकदा त्यानं विचारलं, "मामा, आमी म्हशी गाभण करतोय. तुमी त्या गारठ्यात काय करताय?"

केरबानं त्याला समजावलं. त्या प्रयोगशाळेच्या हेर्लेकर सरांनी त्याला समजावलं होतं तसंच, फक्त इंग्रजी शब्द गाळून. "ह्ये बघ. इथिल आयोडाइड म्हणून एक औषध आसतंय. त्यात एक आयोडिन, आन् बाकीचं त्येला धरून बसलेलं. जोडीच म्हण. ती नळीत भरायची आन् लिक्विडात थिजवायची. मग जांभळा दिवा लावायचा. त्यो उजेड बरोब्बर सांध्यावर बसतोय. सांधा तुटला!"

"मग?"

"मग काय न्हाय. तुटली तरी जात्यात कुठं? गारठ्यानं हलाय येत न्हाय. बसत्यात जागच्या जागी, शेजारी शेजारी, तोंडं फिरवून."

"आमच्या घरातल्या दोघी जावांवानी," सयाजी म्हणाला आणि नळ बंद केला.

केरबा हसला खरा. पण जावांपर्यंत जायची त्याला गरज नव्हती. त्याच्या घरातही दोघं जण असेच बसले होते.

त्याचा मुलगा प्रसेनजीत. केरबाच्याच कॉलेजात, केरबाच्याच विभागात बीएस्सीला होता. मुलगा पांढरा एप्रन घालून येईल आणि आपण त्याच्या हातात परीक्षानळी देऊ, या एका चित्रासाठी केरबानं वस्तीतल्या निम्म्या लोकांचं डोकं खाल्लं होतं. नव्याण्णव साली, दुसऱ्या वर्षाला, प्रसेनजीतनं न सांगता कॉलेज सोडलं आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामाला लागला. कळलं तेव्हा केरबा भट्टीसारखा पेटला. पोरगा तर भट्टीवरच कामाला होता. दोघं एकमेकांना जे काही बोलले ते गल्लीनं ऐकलं, आणि त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं.

म्हणजे अगदी बंद नव्हतं. मध्ये आक्काताई होती. केरबाची बायको. तिला रोज संध्याकाळी टेलिफोनचं काम असे.

"त्येला म्हणावं, पाणी तापलंय," केरबा भिंतीकडं बघून म्हणे.

"पाणी तापलंय रं," आक्काताई चार हातांवर बसलेल्या मुलाला सांगे.

"त्यास्नी म्हणावं, आधी तुमी करा आंघूळ."

"आधी तुमी करा म्हणतोय."

"बाराशे-चौदाशे अंशात उभा ऱ्हातोय दिवसभर, त्यालाच लागंल म्हणावं आंघूळ."

"मी काय म्हणून म्हणू?" आक्काताई कधीतरी परात आपटे. "माझं तोंड दुखाय लागलं तुमचं एकमेकाचं बोलून!" पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच.

दोन हजार एकच्या दिवाळीत फाउंड्रीनं बोनस दिला. संध्याकाळी केरबाच्या ताटाशेजारी एक बॅटरी उभी. तीन सेलची, चकचकीत, हातभर लांब.

"पोरानं आणलीया," आक्काताई म्हणाली. "तुमास्नी अंधाऱ्या खोलीत काम आसतंय म्हणून."

केरबानं जेवण होईपर्यंत तिला हात लावला नाही. मग हात धुऊन उचलली, दाबली. समोरच्या भिंतीवर ताटाएवढा उजेड पडला. त्यानं तो छपरावर नेला, कोपऱ्यात नेला, आक्काताईच्या तोंडावर नेला.

"सेल कंच्या कंपनीचं घातल्यात, इचार त्येला."

आक्काताईनं मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण टेलिफोन चालू राहिला.

दुसऱ्या दिवसापासून ती बॅटरी प्रयोगशाळेत गेली.

प्रयोगशाळेत ज्या खोलीत नळ्या ठेवत तिथं अंधार लागे. खिडक्यांना काळा कागद, दाराच्या आत काळा पडदा, आणि दारावर केरबाच्याच हातची पाटी: "उजेड नको. विचारल्याशिवाय दार उघडू नये." आत मोठ्या तोंडाच्या कॅनमध्ये, नायट्रोजनात बुडलेल्या, दोऱ्यांनी टांगलेल्या काचेच्या नळ्या. नायट्रोजन रोज थोडा थोडा उडून जातो. पातळी नळ्यांच्या खाली गेली की सगळं वितळलं, कामावर पाणी. म्हणून केरबा सकाळी कॉलेज भरायच्या आत आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर पातळी बघायचा. रविवारीसुद्धा. आजवर एकदाही नळी उघडी पडली नव्हती, आणि हे तो ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाला सांगे.

बघायची रीत जुनी होती. सागाची एक पट्टी अंधारातच कॅनमध्ये बुडवायची, काढून हलवायची, बाहेर आणून बघायची. जिथपर्यंत हिमाचा पांढरा थर, तिथपर्यंत नायट्रोजन. आता पट्टी कपाटामागं गेली. केरबा आत शिरे, दार लावी, बाहेरचा एक कवडसा आत येऊ नये म्हणून पडदा दोनदा ओढून बघे, आणि मग निर्धास्तपणे बॅटरी पेटवून कॅनमध्ये धरी. नळ्या त्या उजेडात पिवळसर दिसत, ओळीनं. चांगलं मिनिटभर बघायचा. खरं तर पातळी दिसायला दोन सेकंद पुरे. पण बॅटरी पोरानं दिली होती.

त्याच्या डोक्यात हिशेब सरळ होता. मोडतो तो जांभळा दिवा. त्याला सर हात लावू देत नसत, बघताना काळा चष्मा घालायला लावत. उजेड नको म्हणजे तसला नको, उन्हाचा नको. हा तर सेलवरचा बापडा उजेड. यानं पापड मोडणार नाही.

नळ्या ऐश्वर्याच्या होत्या. जयसिंगपूरकडच्या आप्पासो पाटलांची ही मुलगी, हेर्लेकर सरांकडं चौथं वर्ष पीएचडी करत होती. रोज एसटीनं यायची, डब्यातली शेंगाची पोळी केरबाला द्यायची आणि सूर्य मावळायच्या आत घरी जायची, कारण तिच्या घरात अंधार पडल्यावर जेवत नसत. म्हणूनच सकाळ-संध्याकाळच्या कॅनशी तिचा संबंध नव्हता. तो केरबामामांचा प्रांत.

तिची पहिली तीन वर्षं उजेडानं जोडी कशी मोडते हे मोजण्यात गेली. चांगलं काम, पण जगात आधीच झालेलं. सर हळहळत. मग त्या हिवाळ्यापासून तिनं मोडलेल्या नळ्या अंधारात, थंडीत नुसत्या ठेवून बघायला सुरुवात केली, आणि एक नवलाची गोष्ट दिसू लागली. मोडल्यावर नळीला जो पिवळेपणा यायचा, तो दिवसेंदिवस फिका होत होता. म्हणजे तुकडे पुन्हा जुळत होते. जिथं कुणाला हलता येऊ नये अशा गारठ्यात, अंधारात, कुणी हात न लावता.

सर एकतीस ऑगस्टला निवृत्त होणार होते. तिची शिष्यवृत्तीही त्याच महिन्यात संपत होती. सरांच्या मागं ही गारठ्याची प्रयोगशाळा चालवणारं कुणी नव्हतं. त्यामुळं प्रबंध ऑगस्टच्या आत द्यायचा, आणि या जुळण्याच्या पाचव्या प्रकरणावर द्यायचा, असं ठरलं. सर तर वीस वर्षांनी तरुण झाले होते. एकदा त्यांनी केरबाच्या खांद्यावर हात ठेवला. "केरबा, जाताजाता काहीतरी नवीन सापडलं हो."

केरबानं ती गोष्ट घरी नेली. जेवताना, भिंतीला उद्देशून, नेहमीपेक्षा मोठ्यानं सांगितली. "गारठ्यात बसलेली तुकडं, अंधारात, आपली आपण जुळत्यात म्हणं. कुणी काय न करता. सबूर धराय लागती नुसती."

आक्काताईनं ती पोचती करायला तोंड उघडलं, पण प्रसेनजीतनं मान हलवली. ऐकलं होतं त्यानं. केरबाला त्या रात्री झोप चांगली लागली.

जुलैतली गोष्ट. बाहेर नुसती झड लागली होती. ऐश्वर्यानं आलेखाचा मोठा कागद टेबलावर पसरला आणि केरबाला हाक मारली. "या मामा, तुमचं काम बघा."

रेघ डोंगराच्या उतारासारखी खाली आलेली. केरबानं बोट ठेवून ती वरून खालपर्यंत चालून बघितली. मध्येच बोट थांबलं.

"ही सपाट जागा कसली वो?"

"ती चूक आहे. चार दिवस रंग उतरलाच नाही म्हणतोय आकडा. सम्मेद होता तेव्हा तुमच्या बदली, त्यानं नीट मोजलं नसणार. गाळणारच आहे मी ते."

"तारीख कंची?"

"बारा ते पंधरा एप्रिल."

केरबानं बोट उचललं. चौदा एप्रिलच्या जयंतीला तो दरवर्षी चार दिवस रजेवर असे; वस्तीतला मंडप आणि भात हे खातं त्याच्याकडं होतं. रजेवर जाताना त्यानं सम्मेदला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या त्या संशोधक पोराला, सगळं नीट शिकवलं होतं. किल्ली दिली होती. सागाची पट्टी दिली होती.

बॅटरी दिली नव्हती. ती पोरानं आणलेली, दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची?

"काय झालं मामा?"

"काय न्हाय. पाऊस लई हाय."

त्या संध्याकाळी तो खोलीत गेला, दार लावलं, पडदा ओढला आणि बॅटरी न पेटवता उभा राहिला. कपाटामागची पट्टी चाचपून काढली. तिच्यावर चांगली कोळिष्टकं झाली होती.

गुरुवारी डेपोत त्यानं सयाजीला सगळं सांगितलं. सयाजीनं कॅन भरता भरता ऐकून घेतलं.

"मग गप बसा की! सायबाला ठावं न्हाय, पोरीला ठावं न्हाय. नळी बोलती व्हय?"

"न्हाय बोलत."

"पोरीचं भलं हुतंय. सायब खुशीत घरी जात्यात. तुमी मधी कशाला खोडा घालताय?"

सयाजीचं म्हणणं इतकं बरोबर होतं, की केरबाला त्याचा राग आला. परतताना रिक्षात त्यानं कॅनला मिठी मारल्यासारखं धरलं होतं. पोरगी डॉक्टर होणार. आणि जगात कुठंतरी कुणीतरी तिचं पुस्तक उघडून आपल्या नळ्या अंधारात ठेवणार, वाट बघत बसणार, आणि त्या जुळणार नाहीत. महिना बघंल, वर्ष बघंल. आपलंच चुकतंय म्हणंल.

तरीही त्यानं अकरा दिवस काही सांगितलं नाही. शेंगाची पोळी मात्र घेईना. "पोट बरं न्हाय" म्हणे. ते खोटंही नव्हतं.

बाराव्या दिवशी ऐश्वर्या टाइप केलेले कागद घेऊन आली. "मामा, बसा. तुमचं नाव छापलंय." इंग्रजीतलं होतं, तिनं मराठी करून वाचलं. आधी सरांचे आभार, मग आई-वडिलांचे. मग: "श्री. केरबा यांचे विशेष आभार. त्यांनी दिवसातून दोन वेळा, एकही दिवस न चुकता, नायट्रोजनची पातळी पाहिली. त्यांच्याशिवाय हे काम झालं नसतं."

केरबानं टोपी काढली. पुन्हा घातली.

"त्यात आनी एक लिव्हा," तो म्हणाला. "बॅटरी लावून."

"कुठली बॅटरी?"

त्यानं पिशवीतनं काढून टेबलावर ठेवली. "दिवाळीपास्नं. रोज दोनदा. मिनिटभर. सम्मेदला दिली न्हवती मी. म्हणून त्ये चार दिस सपाट हाईत बघा. त्येचं मोजमाप बरुबर हाय. चुकलोय त्यो मी."

ती आधी हसली. मामा चेष्टा करतात असं तिला वाटलं. मग आलेख काढला, त्या सपाट जागेकडं बघत राहिली. मग बॅटरी उचलून स्वतःच्या तळहातावर पेटवली. हात पिवळा दिसला. तिनं ती विझवली.

"सरांना सांगायला पाहिजे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, आणि केरबाला वाटलं, हिनं एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी दोन नव्या नळ्या दिव्याखाली धरायला लावल्या आणि दोन कॅनमध्ये ठेवल्या. एकीवर केरबानं रोजच्यासारखी बॅटरी धरायची, दुसरीला अंधार. दहा दिवस. आयुष्यात केरबानं पुष्कळ कामं केली, पण जाणूनबुजून ती बॅटरी पेटवण्याइतकं अवघड काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मिनिट संपता संपत नसे.

दहाव्या दिवशी बॅटरीची नळी फिकी झाली होती. दुसरी जशीच्या तशी पिवळी, पहिल्या दिवसासारखी. तुटलेले तुकडे शेजारी शेजारी, तोंडं फिरवून, हललेले नाहीत.

सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "खरं तर हे मलाच सुचायला हवं होतं केरबा. मी तुम्हाला जांभळ्या दिव्याचंच सांगितलं. वस्तू अखंड असते तेव्हा तिला रंग नसतो. साधा उजेड तिच्यातून आरपार जातो, तिला कळतसुद्धा नाही. मोडली की रंग येतो. आणि एकदा रंग आला की मग साधा उजेडही तिला बाधतो, तुकडे हलवून जुळवतो."

"म्हंजे मोडल्यावर जपाय लागतंय," केरबा म्हणाला.

"हो."

"पाटीवर तसं लिव्हलं न्हाई मी."

पाचवं प्रकरण गेलं. नव्यानं करायचं तर आठ महिने हवेत, आणि महिना उरला नव्हता. नुसत्या जुन्या मोजमापांवर प्रबंध द्यायला सर धजेनात, आणि ऐश्वर्याही नको म्हणाली. जयसिंगपूरच्या एका ज्युनियर कॉलेजात जागा होती, तिथं तिनं अर्ज केला. शेवटच्या दिवशी ती प्रयोगवह्या बांधून, एप्रनची घडी घालून निघाली. केरबा फाटकापर्यंत तिची छत्री धरून गेला.

"बाई, मी गप बसलो आसतो तर—"

"तर मी तीच रेघ आयुष्यभर पोरांना शिकवली असती, मामा." ती एसटीकडं बघत होती. "पुढं बघू. पुण्याला कुणी घेतलं तर." मग तिला काहीतरी आठवलं. पिशवीतनं तिनं पुडी काढली. "पोट बरं झालं असेल तर घ्या."

पुण्याला कुणी घेतलं की नाही ते केरबाला पुढं कळलं नाही. पुडी त्यानं तिथंच पावसात उघडली आणि उभ्यानं खाल्ली, कारण घरी नेली असती तर ती त्याच्या घशाखाली उतरली नसती.

एकतीस तारखेला सरांना नारळ-शाल मिळाली. केरबाची बदली वनस्पतिशास्त्राकडं झाली. तिथं कुंड्यांना पाणी घालायचं होतं. त्याच दुपारी त्यानं खिडक्यांचा काळा कागद काढला. कॅनचं झाकण उघडं ठेवलं आणि स्टूल घेऊन शेजारी बसला. संध्याकाळपर्यंत पातळी नळ्यांच्या खाली गेली. त्यानं वीस-बावीस वर्षांत होऊ दिलं नव्हतं ते झालं. नळ्यांतले थिजलेले खडे पाघळले, एका नळीत आयोडिनचा तपकिरी रंग पसरला. तो तळाशी जमेपर्यंत केरबा बसून होता. मग उठला, पाटी काढली, पट्टी आणि बॅटरी पिशवीत टाकली.

घरी त्यानं बॅटरी फळीवर ठेवली. प्रसेनजीत नुकताच फाउंड्रीतनं आला होता. कपाळावर काजळीची रेघ. त्यानं फळीकडं बघितलं.

"आई, इचार त्यास्नी. बॅटरी का आणली घरी? बिघडली का काय?"

आक्काताईनं मान वळवली. "बिघडली का म्हणतोय."

केरबा भिंतीकडं बघून उत्तर द्यायला गेला. भिंतीवर नेहमीचं कॅलेंडर होतं. मग पहिल्यांदाच, तीन वर्षांत, वळला.

"बॅटरी झ्याक हाय," तो पोराला म्हणाला. "माझं चुकलं. नगो तिथं लावली."

प्रसेनजीत खाली बघून बुटाची नाडी सोडत राहिला. ती सुटलेलीच होती. केरबाला वाटलं, झालं. गारठा एवढ्यानं जात नसतोय. तो मोरीकडं निघाला.

"सेल काढून ठेवा मग," मागनं आवाज आला. "नुसतं ठिवलं की पाणी सुटतंय त्येला."

आक्काताईनं सवयीनं मान वळवली. "सेल काढून ठेवा म्हणतोय, न्हाईतर—"

"ऐकलं," केरबा म्हणाला.

तो परत फळीपाशी आला आणि बॅटरीचं बूड फिरवू लागला. आटे गच्च बसले होते. पांढुरक्या बोटांनी पकड येत नव्हती. आक्काताई एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत उभी राहिली. काय पोचवायचं ते तिला कळेना.